दर चाळीस सेकंदांनी

हुमेराला पडद्यावर आधी मेंढरं दिसली.

परंड्याच्या पुढं माळावर कंपनीनं तीनशे एकर पडीक जमीन भाड्यानं घेतली होती. मधोमध इंजिन काढलेली एक जुनी जीप उभी होती. चाचणीचं लक्ष्य तेच. हुमेरा तिथून अकरा किलोमीटरवर, पत्र्याच्या कंट्रोल रूममध्ये बसली होती आणि तिचं विमान माळावर सहा हजार फुटांवर होतं. बिनपायलटचं, बिनशेपटीचं, वटवाघळासारखं पसरट. रडारला ते जवळजवळ दिसत नसे, खालच्या माणसाला त्याचा आवाज येत नसे. पोटात बारा किलोचा नकली बॉम्ब, आत नुसतं सिमेंट. पण तेवढ्या उंचीवरून पडलेलं सिमेंटसुद्धा माणसाला पुरेसं होतं.

दुपारचे अडीच वाजले होते. शेजारच्या खोलीत दिल्लीहून आलेले चार अधिकारी बसले होते. हुमेराच्या बाजूला दहा फुटांवर, दुसऱ्या टेबलाशी प्रकल्पप्रमुख ईरण्णा सर. हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे लोहाऱ्याचे. एसटी कंडक्टर बाबामियाँच्या या मुलीला त्यांनीच मुलाखतीत निवडलं होतं.

हल्ल्याची परवानगी नुकतीच दिली होती. ती दिली की विमान मुकं होई. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून काही बोलत नसे, चाचणीपुरतं कॅमेऱ्याचं चित्र तेवढं पाठवी आणि दर चाळीस सेकंदांनी एकदा जमिनीवरचा हुकूम ऐकत असे. हा चाळीसचा आकडा हुमेरानंच ठरवला होता.

"सर, मेंढरं आत आलीत."

"कुंपण तुटलं असेल. पळतील ती."

बॉम्ब सुटायला सत्तर सेकंद होते. मेंढरांच्या मागून एक आकृती आली, जीपजवळ थांबली आणि सावलीला टेकली.

"सर, माणूस आहे. परत फिरवू या."

परत फिरवायला दोघांच्या किल्ल्या एकदम फिरवाव्या लागत. हुमेरानं आपली फिरवून धरली. ईरण्णा पडद्याकडं वाकले.

"कुत्रं असेल, हुमेरा. उन्हाचं सावलीला येतं."

"कुत्र्याच्या डोक्यावर पदर नसतो, सर."

"नीट दिसू तर दे."

उलट्या मोजणीतला पन्नासावा सेकंद आला आणि गेला. विमानानं ऐकलं, पण त्याला सांगायला काही नव्हतं. आता ते पुन्हा ऐकणार होतं बॉम्ब सुटायच्या दहा सेकंद आधी.

"सर, किल्ली."

ईरण्णांचा हात किल्लीवर होता. भिंतीपलीकडं कुणीतरी हसलं. त्या आकृतीनं पाय लांब केले, बाजूचं काहीतरी उचलून तोंडाला लावलं. बाटली असावी.

"सर."

हात हलला नाही.

एक हुकूम एकट्या माणसाला देता येत होता. विमान हाताबाहेर गेलं तर ते पाडायचा. इंजिन बंद होऊन ते डावीकडं कोसळे. डावीकडं जुनी मुरमाची खाण होती, रिकामी. हुमेरानं लाल झाकण उचललं, बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. सतरा, सोळा, पंधरा. बटणावरचं बोट पांढरं पडलं होतं. दहाला पडदा एका अंगाला कलला, माळ गरगर फिरला आणि मग काळं झालं.

अशी दोनच विमानं होती. तीन वर्षांत बनलेली.

"काय केलंस हे," ईरण्णा हळूच म्हणाले. तिनं गाडीची चावी घेतली.

माळावर पोचायला पंचवीस मिनिटं लागली. जीपच्या सावलीत साठीची एक बाई भाकरी खात होती. पलीकडं खाणीतून धूर निघत होता.

"काय पडलं वो तिकडं? मेंढरं बुजली माझी," बाई म्हणाली.

"तुमचं नाव काय, मावशी?"

"धुरपताबाई. वाशीकडची म्या. कुंपण तुटल्यालं दिसलं, चरू दिलं. मालकीन हाईस का जागंची?"

बाहेर काही बोलायचं नाही, असं हुमेरानं लिहून दिलेलं होतं. ती खाली बसली.

"मावशी, आमचं विमान होतं. ते या जीपवर जड वस्तू टाकणार होतं. तुम्ही दिसला म्हणून आम्ही ते पाडलं."

धुरपताबाईनं वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

"म्या दिसले? तू कुठं व्हतीस?"

"अकरा किलोमीटरवर."

"आन् मला वर कायबी दिसलं न्हाय." तिनं हातातली भाकरी फडक्यात गुंडाळली. "हाक मारायची व्हती की, लेकरा."

धुरपताबाई उठली, मेंढरांना आवाज दिला आणि कुंपणाच्या तुटक्या बाजूनं ती भराभर हाकून नेली. एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी ईरण्णांनी अहवालाचा कागद पुढं केला. त्यात 'संपर्कात बिघाड' लिहिलं होतं.

"सही कर. तुझंही नुकसान नाही, माझंही नाही."

"बिघाड झाला नव्हता, सर. मी ठरवलं तसंच सगळं चाललं होतं."

तिनं वेगळी दोन पानं लिहिली. बाई, मेंढरं, पन्नासावा सेकंद, चाळीसचा आकडा आणि तो कुणी ठरवला ते. ईरण्णा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी तीच पानं मागून घेतली आणि शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं: किल्ली माझ्याकडे होती, मी ती फिरवली नाही. खाली सही केली.

दोघांनाही प्रकल्पातून काढलं. ईरण्णा लोहाऱ्याला परतले. हुमेराला कंपनीच्या फवारणीच्या ड्रोनकडं टाकलं, पण महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. घरी बाबामियाँनी कारण विचारलं तेव्हा सांगता येईल तेवढं तिनं सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "बाई वाचली ना? मग बस."

दुसरं विमान फेब्रुवारीत उडालं. ऐकण्याचं अंतर चाळीसवरून पाचावर आणलं होतं. चाचणी यशस्वी झाली, असं जुन्या एका सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं.

"आधी माळ कुणी चालून पाहिला होता का?" हुमेरानं विचारलं.

"कॅमेऱ्यातून पाहिला," तो म्हणाला.