अपेंडिक्स नव्हतं ते

गावातली निम्मी माणसं तिची बोलणी खाऊन गाडी चालवायला शिकली होती, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. चाळिशी गाठली तसं लायसन्स नव्यानं करायला डॉक्टरचा दाखला हवा होता. डोळे, कान, रक्तदाब, की झालं, अशा हिशेबानं ती गेली. डॉक्टरीणबाई पोट तपासायला लागल्या आणि त्यांचा हात थांबला.

“हे कसलं ऑपरेशन?”

“अपेंडिक्सचं. सात वर्षांची होते.”

“अपेंडिक्स एवढं वर नसतं हो. आणि त्याला पोटभर आडवी चीर कशाला लागेल? घरी विचारून या.”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरिणीनं दारातूनच विचारलं. आईच्या हातातल्या चादरीची घडी अर्धवट राहिली.

“जुनी मढी कशाला उकरतेस?” थोरला भाऊ मध्ये पडला.

“दादा, मढं कोण? पोट माझं आहे, जिवंत आहे. आई, बोल.”

आई बोलली, पण चादरीकडे बघत. “पित्तनळी फुगली होती तुझी. फुगलेला भाग काढून टाकला आणि उरलेली नळी आतड्याला जोडली. डॉक्टर म्हणाले, पोरगी बरी झाली. बहुतेकांना पुढे काही होत नाही. पण उरलेल्या नळीत कधीतरी, अगदी मोठेपणीही, तसलं काही होऊ शकतं. जन्मभर दरवर्षी तपासा.”

“तसलं म्हणजे?”

आईनं चादरीची घडी पुन्हा उलगडली.

“कॅन्सर,” मास्तरीणच म्हणाली. “शब्द आहे तो, चावत नाही. मग नेलं का नाहीस?”

“दोन वर्षं नेलं. निकाल येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही माझ्या. मग बंदच केलं. तू विचारायला लागलीस तेव्हा अपेंडिक्स सांगितलं. म्हटलं, पोरीला भीती तरी नको.”

मास्तरिणीला सणसणून राग आला. आईची मायाही दिसत होती, म्हणून तो आणखीच चढला. भीती आईला वाटायची आणि अंधारात बसायचं लेकीनं, हा कुठला न्याय?

“झालं ते झालं,” दादा म्हणाला. “आता गाडी बंद कर. घरी आराम कर.”

“वा रे वा! इतकी वर्षं मला ठणठणीत म्हणून फसवलंत, आणि आज दुपारपासून आजारी ठरवताय? मला काहीही झालेलं नाही. झालं तर वेळेत कळावं, एवढंच बघायचंय. तपासणी दरवर्षी होईल आणि गाडी रोज चालेल. आणि आई, तू माझ्याबरोबर यायचंस.”

“मी? माझ्यात तेवढं बळ नाही गं.”

“माझ्यात तरी कुठंय? दोघींचं मिळून पुरेल.”

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आई पदराचं टोक पिळत बसली होती. आत थंडगार जेल पोटावर पडलं तेव्हा मास्तरिणीनंही खाटेची कड घट्ट धरली. पण तिनं डोळे मिटले नाहीत. पडद्यावरच्या करड्या ढगांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत बघत राहिली.

रक्ताचे निकालही आले, तेव्हा डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. “सध्या काही दिसत नाहीये.”

“म्हणजे आता कधीच होणार नाही ना?” आईनं घाईघाईनं विचारलं.

“तसं वचन मी देऊ शकत नाही, आजी. पुढच्या वर्षी या.”

आईचे डोळे भरले. मास्तरिणीनं तिचा हात धरला, पण धीराचा एकही खोटा शब्द बोलली नाही. असल्या शब्दांवर या घरानं पुष्कळ वर्षं काढली होती.

बाहेर आल्यावर आई हात सोडवून थेट नोंदणीच्या खिडकीशी गेली. “पुढच्या वर्षीची तारीख द्या.”

“कशासाठी?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“कॅन्सर आलाय का बघायला,” आई खणखणीत आवाजात म्हणाली. रांगेतली माणसं वळून बघू लागली. आईनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“एवढ्या लांबची तारीख आम्ही देत नाही, आजी. तेव्हाच फोन करा.”

“आत्ताच लिहा,” आई म्हणाली. “तीस वर्षांचा उशीर मी आधीच करून बसलेय.”