चिमट्याचे की माझे?

मी एक जुना थर आहे, मित्रांनो; प्रयोगशाळेत मला फिल्म म्हणतात. इतका पातळ, की झिजलो तर माझी धूळही कुणाच्या बोटाला लागणार नाही. हैदराबादेत, विद्यानगरजवळच्या एका प्रयोगशाळेत, प्लास्टिकच्या डबीत मी राहतो.

लँथनम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांची एक काळी गोळी माझी आई. लेसरच्या आघाताने तिची वाफ उसळली आणि एका तापलेल्या स्फटिकावर अणू-अणू करून बसली. त्या स्फटिकाच्या अणूंमधले अंतर माझ्या स्वभावापेक्षा किंचित अधिक होते. त्याला धरून राहायचे, तर ताणले जाणे भाग होते. त्या ताणानेच मला चुंबक केले. आईत ते चुंबकत्व नव्हते.

मला घडवले बरकतपुऱ्याच्या मृण्मयीने. तिच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण माझ्यावर उभे होते. काम करता करता ती घरचा फोन घेई.

"इतका ताण नक्को घेऊ गे," तिची आई म्हणे.

"ताण गेला तर माझा चॅप्टरच गेला, आई!"

"हौ, मग जेवायला तरी वेळेवर ये."

एके दिवशी तिचा सहकारी ओंकार याने मला मोजणीच्या यंत्रात ठेवले. हेलियमच्या कडाक्याच्या गारठ्यात माझे चुंबकत्व पडद्यावर उमटले. ओंकार आनंदला. "नामपल्लीच्या नुमाइशीत ठेवू याला, तिकीट लावून!"

मार्गदर्शक जयवंता मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आत ठेवलंत कशाने?"

"चिमट्याने, मॅडम. स्टीलच्या."

"मग हे चुंबक कोण? फिल्म, की चिमट्याचं लोखंड? चिमट्यावर पीएचडी मिळत नाही, मृण्मयी."

लोखंडाचा एखादा कण कडेला चिकटला असता, तरी माझ्या नावावर त्याचेच चुंबकत्व नोंदले गेले असते. प्रकरण रद्द झाले असते. मी बोलू शकत नव्हतो.

मृण्मयी म्हणाली, "लोखंड ऊब आली तरी चुंबकच राहील. ही फिल्म फक्त थंडीत चुंबक असते. गरम करून बघू?"

यंत्र मला हळूहळू ऊब देऊ लागले. "संप रे, संप आता," ती पडद्याकडे पाहत पुटपुटत होती. माझे चुंबकत्व ओसरत गेले. बर्फाच्या थंडीपर्यंतही मी पोहोचलो नव्हतो, तोच पडद्यावरची रेघ शून्यावर आली. खोलीच्या उष्णतेपर्यंत ती तिथेच राहिली. लोखंड असते, तर ती उतरली नसती. माझे चुंबकत्व गेले, म्हणूनच ते माझे ठरले.

"लिहा प्रकरण," मॅडम म्हणाल्या. मग ओंकारकडे वळून, "आणि तो चिमटा घरी न्या. फुलके भाजायला बरा आहे."

मृण्मयी आता दुसऱ्या गावी शिकवते. माझी डबी कुणी उघडत नाही. या शहराच्या उन्हाळ्यातच काय, हिवाळ्यातही माझ्यात चुंबकत्व नाही. पण कुणी उघडलीच, मित्रांनो, तर मला प्लास्टिकच्या चिमट्याने, अलगद कडेला धरा आणि हेलियमच्या थंडीत न्या. स्फटिकाने मला सोडलेले नाही. मी अजून ताणलेलाच आहे.