धोंडुबाईची कॅसेट

मांडवातल्या दोन मोठ्या स्पीकरांतून धोंडुबाईचा आवाज येत होता आणि धोंडुबाई स्वतः तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पदराने वारा घेत होती.

शेजारी तिची मुलगी मनस्वी बसली होती. समोर पाटावर नवरी, सुरभी. हळदीची वाटी अजून घरातून बाहेर आली नव्हती. आत कोणीतरी ती शोधत होतं. पण स्पीकरला त्याचं काही नव्हतं. त्याने हळद कालवली, कपाळाला लावली, गालांना लावली, खांद्यांपर्यंत आणली, तरी पाटावरची सुरभी कोरडीच.

‘मनस्वी नवरीला हलद लागली गो,’ स्पीकरमधून आलं.

मागच्या रांगेतल्या दोन पोरी फिसकन हसल्या. "ही मनस्वी कोन? नवरी तर सुरभी हाय."

मनस्वीने मान खाली घातली. तेवढ्यात नवरीची काकू अनिता वाटी घेऊन धावत आली आणि साऊंडवाल्याला म्हणाली, "जरा पाठी घे रे. कपाळापासून लाव."

त्याने पाठी घेतलं. गाणं मध्येच तुटलं, आणि झालेली ओळ पुन्हा सुरू झाली. धोंडुबाईचा वारा घेणारा हात थांबला. धवला म्हणजे लग्नविधीचं गाणं, आणि लग्नात एकदा म्हटलेला धवला मागे फिरवत नाहीत. झालेलं लग्न पुन्हा लावत नाहीत, तसंच ते.

मनस्वी उठायला लागली. आईने तिचं मनगट धरलं.

"बस."

"बंद करायला सांगते मी. तू म्हण. तू इथे बसलीस आणि…"

"त्यांचा मांडव हाय. आपल्याला जेवाया बोलावलंय." धोंडुबाई समोर बघतच म्हणाली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आवाज माझाच हाय ना गो? मग थांबत कसा नाय?"

*

धोंडुबाई पेणजवळच्या खारेपाटातली धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला येतं. पण नुसतं गाणं येणं म्हणजे धवलारीण नव्हे. कोणी कुठे बसायचं, कलश कोणी धरायचा, हे सगळं ती गाण्यातूनच सांगते. सासूच्या मागे मिठागरात पाट्या वाहताना ती शिकली. नवरा गेला, मिठागर बंद पडलं, पण लग्नसराईत तिला न्यायला दारात रिक्षा उभी राहिली नाही, असं कधी झालं नाही.

मनस्वीला गाता येत नव्हतं. ती पेणच्या गणपती कारखान्यात आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायची. दिवसभर देवाचे डोळे काढले की घरी येऊन ती माणसं काढायची. चौकटी आखून, एकाच्या तोंडात काही, दुसऱ्याच्या तोंडात काही. ही कॉमिकं कोणाला दाखवण्यासाठी नव्हती.

ती पहिल्यांदा पाहिली हितेशने. हितेश रोह्याचा, तिथल्या एका कंपनीत शिफ्टला. एकदा तो कारखान्यात आला तो रंगाच्या कॉम्प्रेसरचा आवाज रेकॉर्ड करायला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तो मात्र कानाला हेडफोन लावून कॉम्प्रेसरपाशी डोळे मिटून उभा राहिला. जाताना त्याची नजर मनस्वीच्या कागदांवर पडली.

रोह्यात एका खोलीतून तो एक छोटं लेबल चालवायचा. नाव ‘निवटी’, चिखलात राहून चिखलावरच उड्या मारणाऱ्या माशावरून. रोह्याची दोन गिटारवाली पोरं, नागोठण्याचा एक रॅपर, कंपनीच्या भोंग्यावर रचलेलं काहीतरी, असं जे कोणी काढणार नाही ते तो काढायचा. कॅसेटवर. जुन्या डेकवर एकेक कॉपी स्वतः करायचा आणि प्रत्येक कॅसेटबरोबर झेरॉक्सवर छापलेलं, पिना मारलेलं एक कॉमिक द्यायचा. पुण्याचे, बंगळूरचे थोडे लोक निवटीच्या नेटवरच्या पानावर ऐकून मागवायचे. त्यातल्या निम्म्यांकडे कॅसेट वाजवायला यंत्रही नव्हतं.

निवटीची कॉमिकं मनस्वी काढायला लागली. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. पिना मारून मारून बोटं दुखायची आणि दुखणाऱ्या बोटांचाही तिला अभिमान वाटायचा.

धवल्याची कल्पना तिचीच. "आईच्या मागे हे कोणालाच येत नाही," ती हितेशला म्हणाली. "मलासुद्धा नाही."

धोंडुबाई सहजासहजी तयार झाली नव्हती. रोह्याच्या त्या खोलीत, भिंतींना लावलेल्या गोधड्यांकडे बघत ती म्हणाली, "मांडव नाय, नवरी नाय. कोनासाठी म्हनू?"

"कुठलंही नाव घ्या मावशी," हितेश म्हणाला. "नावाशिवाय म्हटलंत तरी चालेल."

"बिननावाचं लगीन असतं काय? आनि कुठलंही नाव कसं घेऊ? नाव घेतलं की ती पोर नवरी होते."

तिने डोक्यावर पदर घेतला. मग डोळे मिटून तिने सुरुवात केली आणि पहिल्याच कडव्यात नाव घेतलं, मनस्वीचं. मनस्वी तेव्हा पस्तिशीला आलेली. दोन स्थळं तिने नाकारली होती, नंतर स्थळं यायची थांबली होती आणि घरात तो विषयच निघत नव्हता. हितेशने दिलेला हेडफोन तिच्या कानावर होता. आई तिला हळद लावत होती, तिचा हात धरून तिला बोहल्यावर नेत होती, तिला निरोप देत होती. शेवटच्या गाण्याला आईचा गळा भरून आला, पण ती थांबली नाही. हितेशने तसंच ठेवलं.



कॅसेटसोबतच्या कॉमिकमध्ये मनस्वीने फक्त हात काढले. हळद कालवणारे, थरथरणारे, घाबरलेले, म्हातारे हात. मध्ये एका पानावर आईचं वाक्य होतं: ‘गानं हाताच्या मागं चालतं. पुढं गेलं की हात घाबरतात.’

*

कॅसेट निघाली. नेहमीच्या थोड्या लोकांनी घेतली. एका मासिकात चार ओळी आल्या. मग कोणीतरी सगळी गाणी यूट्यूबवर टाकली आणि ती खारेपाटात परत आली. कॉमिक आलं नाही. फक्त आवाज आला.

पहिल्या सराईत धोंडुबाईचा मान वाढला. लोक ‘कॅसेटवाली धोंडुबाई’ म्हणून बोलवायला यायचे. नव्या सुना तिच्याबरोबर फोटो काढायच्या. मनस्वीला वाटलं, आपण काहीतरी केलं.

पुढच्या सराईत दारात रिक्षा कमी आल्या. एका घरी फोटोग्राफर म्हणाला होता की मोबाईलवरचं गाणं बरं, विधी वेळेत उरकतात, म्हाताऱ्या बाया ताणत बसतात. कोणी आकसाने केलं नाही. धोंडुबाईचाच तर आवाज होता. तिला न बोलावताही ती आल्यासारखीच होती. सुरभीच्या घरच्यांनी तर तिला मुद्दाम पाहुणी म्हणून बोलावलं, पहिल्या पंगतीला बसवलं, दोनदा जिलबी वाढली.

त्या लग्नानंतरच्या रविवारी मनस्वी गाडीने रोह्याला गेली. हितेश पहिली शिफ्ट करून आला होता आणि जमिनीवर बसून नव्या कॅसेटचे कागद कापत होता.

"ते काढून टाक," ती म्हणाली.

"आपल्या पानावरचं काढतो. आत्ता काढतो." त्याने मोबाईल उचलला. "पण मनस्वी, लोकांच्या मोबाईलमध्ये आहे ते कसं काढू? पेन ड्राइव्हवर आहे. वडखळच्या एका डीजेने त्याच्याखाली बीट टाकलाय."

"माहितीय."

"आपण जपायला निघालो होतो ना ते?"

"जपलं की. चांगलं जपलं. आता ते जपलेलं हाय म्हणून आईला कोण विचारत नाय."

हितेशने कात्री खाली ठेवली. तो म्हणाला, "नवीन करूया. नावं न घेता. किंवा तूच शीक मावशींकडून, मी नुसता…"

"मला गाता येत नाही, हितेश. येत असतं तर तुझ्याकडे आणलं असतं काय तिला?"

खोलीत पुढच्या कॅसेटची तयारी दिसत होती. गागोद्याच्या बाजूच्या बायांची भातलावणीची गाणी. बाया तयार होत्या, तो दोनदा जाऊन चहा पिऊन आला होता. चित्रं मनस्वीची यायची होती.

"ही नको करू," ती म्हणाली.

"त्या स्वतः हौसेने म्हणतायत."

"आईपण शेवटी हौसेनेच म्हणाली होती."

त्याने कापलेले कागद गोळा करून बाजूला ठेवले. ती निघाली तेव्हा तो स्टेशनपर्यंत आला. एरवी दोघं फलाटावर नव्या कॉमिकबद्दल भांडायची. त्या दिवशी त्याने फक्त, "मावशींना सांग, येऊन जातो," एवढंच म्हटलं. तो खरंच आला. धोंडुबाईने त्याला वालाची आमटी-भात वाढला आणि कॅसेटबद्दल एक शब्द काढला नाही. गागोद्याची कॅसेट निघाली नाही. त्यानंतर निवटीचं काहीच निघालं नाही. मनस्वीने घरी कागद काढून पाहिला, चौकटी आखल्या, पण आत काय काढावं ते तिला सुचेना. कारखान्यात ती डोळे आखत राहिली.

*

माघात खाडीकडच्या एका गावाहून शांती नावाची बाई घरी आली. नातीचं लग्न होतं. ती ओटीवर टेकली आणि सरळच म्हणाली,

"धोंडुबाय, गानी मोबाईलवर हायेत गो. पोरांनी समदं लावून ठेवलंय. पन आमच्याकडं लाइटचा भरवसा नाय. मधीच गेली तर? म्हनून म्हटलं, तू येऊन बस."

मनस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काही बोलणार तोच आई म्हणाली, "येन."

शांती गेल्यावर मनस्वी म्हणाली, "लाइट गेली तर! जनरेटर आणायचा सोडून तुला बोलावतायत. कशाला हो म्हणालीस?"

"आनि गेली तर?" धोंडुबाईने तिच्याकडे पाहिलं. "हलद अर्धी लावून पोरीला बसवून ठेवायची काय?"

लग्नाच्या सकाळी ती लवकर उठली. हिरवं लुगडं नेसली. मनस्वीने सुट्टी घेतली आणि बरोबर गेली. मांडवात धोंडुबाई पाहुण्यांत बसली नाही. पाटाच्या डाव्या अंगाला, धवलारीण बसते तिथे, जमिनीवर बसली. डोक्यावर पदर घेतला. तिच्या मागेच स्पीकर होता.

गाणं सुरू झालं. ‘मनस्वी नवरीला’ आलं तशी आईची मान किंचित हलली. तिची नजर हळद लावणाऱ्या बायांच्या हातांवर होती. गाणं पुढे जायचं, हात मागे राहायचे, आणि ती हातांबरोबर राहायची. कुठे गाणं तुटलं तर कुठून उचलायचं, ते जणू तिने दर क्षणाला ठरवून ठेवलेलं होतं.

ऊन चढलं. शांतीच्या सुनेने थंड पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आत्ता नको गो बाय," धोंडुबाई म्हणाली. "थंडानं गला बसतो."

मनस्वी खांबाला टेकून वर टांगलेल्या बल्बकडे बघत होती. जा, ती मनातल्या मनात म्हणत होती. एकदाच जा. पंखे फिरत होते. हळद झाली, कलश झाला, मुंडावळ्या बांधल्या. सुनेने पुन्हा पाणी आणलं, धोंडुबाईने पुन्हा हाताने नको म्हटलं. अक्षता पडल्या. पाठवणीचं गाणं लागलं, भरल्या गळ्याचं, आणि नातीने शांतीच्या गळ्यात हात टाकले.

लाइट गेली नाही.

साऊंडवाल्याने लगेच नाचाचं गाणं लावलं. पोरं ओरडत मांडवाच्या मध्यभागी आली. धोंडुबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि सुनेला शोधून तिच्यापुढे हात केला.

"आता दे पानी," ती म्हणाली.