मुठीवरचे दोन चेहरे

चौतीस वर्षं मी आमच्या गावच्या म्युझियममध्ये माहितीची कार्डं लिहितोय. कशाला काय म्हणायचं ते साहेब लोक ठरवतात, मी टाक बुडवतो. बोटं आता वाकडी झालीत, आणि खरं सांगायचं तर वाद घालायची हौसही केव्हाच फिटली.

त्या वसंतात केझाया ट्रँटर नावाची म्हातारी गोणपाटात गुंडाळलेली तलवार घेऊन आली. मुठीच्या लोखंडी जाळीवर दोन चेहरे कोरलेले. एक टोकदार दाढीवाला पुरुष, एक बाई. बाईचं नाक पार झिजलेलं.

"हा आमचा पूर्वज ओबडाया, आणि ही त्याची ग्रेस," ती म्हणाली. "राजाच्या फौजेशी लढताना नेझबीच्या लढाईत पडला बिचारा. घरात येणारी प्रत्येक सून पहिल्या दिवशी ही मूठ चरबी लावून पुसते. आमच्यात रीतच आहे. सगळ्या ग्रेसलाच जास्त घासतात, काय करणार! मीही घासली. आता पोरगाच गेला, सून कुठून यायची? ठेवून घ्या. पैसे नकोत. फक्त या दोघांची नावं लिहा, मिस्टर पिम."

मी हो म्हणालो.

आमचे अध्यक्ष सर लायनेल प्राउझ भिंग लावून बसले. "अहो, हे तर बंडखोरांनी शिरच्छेद केलेले महाराज, आणि ही त्यांची राणी! लंडनचे संग्राहक अशा तलवारींना 'मृत्यूची तलवार' म्हणायला लागलेत. राजाच्या शोकात घडवलेली."

"पण साहेब, हिचा मालक राजाच्या चार वर्षं आधी मेला. आणि अशी दाढी तेव्हा गल्लीतला खाटीकसुद्धा ठेवायचा."

"पिम, तुम्ही अक्षर छान काढता. तेवढंच करा. आणि राणीचं नाक कुण्या बंडखोराने घासलं, तेही लिहा."

लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला केझायाबाई ठेवणीतला झगा घालून आल्या. सवयीने रुमाल काढून मूठ पुसायला गेल्या, तर हात काचेला लागला. मग कार्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला मेलीला कुठे वाचता येतंय! वाचा ना."

मी घसा खाकरला. "ओबडाया ट्रँटर," मी हळूच म्हणालो, "आणि त्याची बायको ग्रेस."

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ कार्ड वाचून थबकले आणि त्यांनी अदबीने हॅट काढली. राजासाठी.

"बघितलंत?" केझायाबाईंनी माझी बाही ओढली. डोळे भरून आले होते. "आमच्या ओबडायासाठी हॅट काढली त्यांनी!"

"काढणारच," मी म्हणालो, आणि माझीही टोपी काढली.