कृपया आधी यादी वाचावी

वैजयंताबाईंना पसारा बघवत नसे, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. बाईंनी तीस वर्षं सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली होती. सहा गठ्ठ्यांची पद्धत त्यांच्या हाडीमासी खिळली होती. आलेला प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे, आणि ज्याचं काम संपलं तो ‘ड’ वर्गात, म्हणजे नष्ट करायच्या ढिगात. निवृत्त होऊन काशीगावच्या दोन खोल्यांत बसल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यातच मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नवरा ज्ञानदेव म्हणाले, “मला पण एक चिठ्ठी लाव, म्हणजे सुटलो.”

ज्ञानदेवांच्या दोन्ही किडन्या पाच वर्षांपूर्वी निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा भाईंदरच्या डायलिसिस सेंटरला जायचं, चार तास मशीनला लागायचं, आणि उरलेले दिवस पाणी मोजून प्यायचं. ते आत मशीनवर, बाई बाहेर बाकड्यावर. त्या बाकड्यावरच त्यांना कोणीतरी ‘किडनी कट्टा’ दाखवला.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची मराठी चर्चेची जागा. काशीगावच्याच निकेतनं ती आपल्या आईच्या आजारपणात सुरू केली होती. आई गेली, पण पोरानं कट्टा बंद केला नाही. कोणीही यावं, प्रश्न टाकावा, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगावं, असा सगळा मोकळा कारभार. मोकळा म्हणजे किती, तर हातातल्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला तयार केलेल्या शिरेची, काळजी कशी घ्यायची याची सगळ्यात चांगली माहिती ‘जागृतीच्या लग्नाबद्दल अभिनंदन’ या विषयात सापडायची, आणि सरकारी योजनेच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं ‘शुभ सकाळ’मध्ये. नवा माणूस आला की या गर्दीत गांगरून जाई.

मग बाईंनी पदर खोचला. निकेतनं त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या, म्हणजे विषय हलवायचे, बंद करायचे आणि पुसायचे अधिकार. दोन महिने खपून बाईंनी चार हजार विषय चाळले आणि सहा विभाग पाडले. डायलिसिसची ओळख, फिस्टुला व सुया, आहार व पोटॅशियम नियंत्रण, योजना व अर्ज, प्रत्यारोपण. सहावा विभाग लिहिताना त्यांचा हात जरा अडखळला, पण गठ्ठा अपुरा ठेवायची त्यांना सवय नव्हती. सहावा विभाग : पेशंट गेल्यानंतर.

सगळ्यात वर त्यांनी ठळक अक्षरात ‘नव्यांसाठी यादी’ लावली. नियमही केले. जो विषय आधी होऊन गेलाय तो पुन्हा विचारला तर बंद, म्हणजे खाली बाकी कोणाला उत्तर लिहिता येणार नाही. फोन नंबर टाकला तर पुसून टाकायचा, कारण किडनी मिळवून देतो म्हणणारे दलाल कट्ट्यावरचे नंबर टिपून लोकांना गाठत होते. नियम खोटा नव्हता हो. लोकांनी बाईंचं तोंड भरून कौतुक केलं. बाईंनाही वाटलं, कचेरीत साहेबासाठी कागद लावले, आता आपल्या माणसांसाठी लावले.

एका मंगळवारी ज्ञानदेव आत मशीनवर होते आणि बाई बाहेर मोबाइलवर कट्टा आवरत होत्या. अकरा नवे प्रश्न आले होते. त्यातला सातवा असा :

“नमस्कार. बाबांचं डायलिसिस मागच्या आठवड्यात चालू झालं. आम्ही चेणे गावचे. ते काही खात नाहीत, तोंडाला चव नाही म्हणतात. बघायला येणारे पावणे शहाळी घेऊन येतात. शहाळं दिलं तर चालेल का? कोणी सांगितलं तर बरं होईल.” खाली मोबाइल नंबर. विचारणारीचं कट्ट्यावरचं नाव ‘एकवीरा २१’.

आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं न्यावं हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. रिकाम्या हाती जाणं बरं दिसत नाही, आणि शहाळ्यासारखी निर्धोक वस्तू दुसरी नाही असं सगळ्यांना वाटतं. ज्याच्या किडन्या चालतात त्याला ती निर्धोकच असते. ज्याच्या चालत नाहीत त्याच्या अंगात त्यातलं पोटॅशियम साठतं, आणि ते हृदयावर जातं. हे बाईंना पाच वर्षं ठाऊक होतं. आपल्या घरी आलेली शहाळी त्या पावण्यांसमोरच शेजारच्या पोरांना देऊन टाकत.

पण त्या वेळी बाई प्रश्न वाचत नव्हत्या, गठ्ठा लावत होत्या. त्यांनी नंबर पुसला. खाली ठरलेलं उत्तर चिकटवलं : “या विषयावर आधी चर्चा झालेली आहे. कृपया आधी यादी वाचावी व योग्य विभागात पाहावे. विषय बंद.” आणि आठव्या प्रश्नाकडे वळल्या. ‘नको’ एवढी दोन अक्षरं लिहायला त्याहून कमी वेळ लागला असता.

परतताना रिक्षात ज्ञानदेव थकून मागे टेकले होते, तरी मोबाइल हातात होताच. कट्टा वाचणं हाच त्यांचा विरंगुळा. काशीमीऱ्याच्या सिग्नलला रिक्षा ट्रकांच्या मधोमध अडकली.

“त्या शहाळंवालीला काय सांगितलंस तू?” त्यांनी विचारलं.

“यादी दिलीय की.”

“यादीत शहाळं कुठंय?”

“विभाग तीन. आहार व पोटॅशियम नियंत्रण. पान दोन.”

ज्ञानदेवांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “वैजू, त्या पोरीला पोटॅशियम म्हणजे काय ते ठाऊक असतं, तर तिनं शहाळ्याचं विचारलं असतं का?”

बाईंनी रिक्षातच विषय उघडला आणि लिहिलं : “नको. अजिबात देऊ नका. एका शहाळ्यानंही जिवाला धोका होऊ शकतो.” पाच मिनिटांनी परत लिहिलं, “ताई, वाचलंत का?” घरी पोचल्यावर तिसऱ्यांदा. पण हे सगळं वरातीमागून घोडं. एकवीरा २१ नावाखाली लिहिलं होतं : शेवटची भेट, दुपारी बारा चाळीस. म्हणजे बाईंनी विषय बंद केल्यावर दोनच मिनिटांनी.

त्यांनी निकेतला बोलावून घेतलं. तो आपलं दुकान सोडून तसाच आला.

“नंबर परत काढ रे. पुसलेला असला तरी कुठंतरी असेलच.”

“नाही काकू. पुसलं की कायमचं जातं. तुम्हीच तसं करायला लावलं होतं.”

खरंच होतं ते. ‘ड’ वर्गातलं काही मागे राहता कामा नये, असं बाईंनीच त्याला बजावलं होतं.

“तिनं कट्ट्यावर येताना दिलेला मेल आयडी आहे माझ्याकडे,” निकेत म्हणाला. “मेल टाकतो आत्ता. पण खरं सांगू का, लोकं मेल बघतच नाहीत. मोबाइल घेताना दुकानवाला बनवून देतो, तेवढंच.”

“टाक तू. विषयाच्या ओळीतच लिही, उघडायची पण गरज नको.”

त्यानं टाकली. बाई मनातल्या मनात म्हणत राहिल्या की बघ गं बाई, एकदा तरी बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चेण्याला गेल्या. ज्ञानदेवांना न्यायचा प्रश्नच नव्हता. डायलिसिसचा पेशंट कोणाकडे आहे, एवढंच विचारायचं होतं, गाव काही मुंबईएवढं नाही, असं त्यांना वाटलं होतं. रस्त्याला लागून आनंदीबाईंचं किराण्याचं दुकान होतं. वयानं मोठी बाई, तांदूळ निवडत बसली होती.

“नाव काय त्यांचं?” आनंदीबाईंनी विचारलं.

“नाव नाही माहीत. मुलगी एकवीरा नावानं लिहिते.”

“अगो, एकवीरा आईचं नाव तं हितं दर घराव हाय, रिक्षाव हाय, टेम्पोव हाय. आडनाव सांग.”

आडनाव कुठलं सांगणार? बाईंनी आजार समजावून सांगितला. आनंदीबाईंनी विचार करून एक घर दाखवलं. तिथे साखरेचा पेशंट निघाला, बिचारा अंगणात बसून चहा पीत होता. त्यांनी वरच्या पाड्यावर पाठवलं. पाड्यावरचे म्हणाले, असं कोणी इथं न्हाय, भाड्यानं राहणारे असतील, त्यांचं आम्हाला काय ठाऊक? दुपारपर्यंत बाई फिरल्या. तीस वर्षं जगातला कुठलाही कागद दोन मिनिटांत काढून देणाऱ्या बाईला एका गावात एक माणूस सापडेना. रस्त्याच्या कडेला शहाळ्यांची हातगाडी होती. तिच्यापाशी थांबून त्यांनी गाडीवाल्याला हिंदीत विचारलंसुद्धा, की कल किसीने पेशंट के लिए नारियल लिया क्या. तो म्हणाला, सब पेशंट के लिए ही लेते हैं.

पुढचे दिवस बाईंचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. दर तासाला त्या विषय उघडायच्या. शेवटची भेट, मंगळवार, बारा चाळीस. ज्ञानदेव समजूत काढायचे, “अगं, सेंटरवाल्यांनी सांगितलं असेल तिला. डॉक्टर सांगतातच.” पण पहिल्या आठवड्यात डॉक्टर शंभर गोष्टी सांगतात आणि घरच्यांच्या डोक्यात चार राहतात, हे त्या दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. मधल्या काळात बाईंनी एकही विषय बंद केला नाही. कट्ट्यावर पुन्हा हवा तसा पसारा झाला, आणि लोक विचारू लागले की ताई आजारी आहेत का.

तेराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, सहाव्या विभागात एक नवा विषय आला. एकवीरा २१.

“नमस्कार मॅडम. मागच्या वेळी यादी न बघता विचारलं, माझी चूक झाली, माफ करा. आज पूर्ण यादी वाचून बरोबर विभागात टाकतेय. नंबरही टाकलेला नाही. बाबा मागच्या गुरुवारी गेले. त्यांची रक्तवाढीची चार इंजेक्शनं फ्रीजमध्ये तशीच आहेत, महागाची आहेत, कोणा गरजूला द्यायची आहेत. कुठे द्यावीत ते यादीत मिळालं नाही म्हणून विचारते. शेवटी शेवटी त्यांना काहीच जात नव्हतं, फक्त शहाळं आवडीनं प्यायचे. तेवढं तरी आपल्या हातून झालं, याचंच बरं वाटतं.”

बाईंनी ते तीनदा वाचलं आणि मोबाइल ज्ञानदेवांकडे दिला. ज्ञानदेवांनी वाचून हळूच म्हटलं, “शहाळ्यानंच गेले असं कोण सांगणार? इतक्यातच डायलिसिस चालू झालेलं माणूस, कशानंही जातं.” ते खोटं नव्हतं, पण बाईंना त्याचा काडीचा आधार वाटला नाही. त्यांनी मोबाइल ओढून घेतला, कारण एकदम त्यांच्या लक्षात आलं. जुन्या विषयात त्यांचं उत्तर अजून होतं. नको. अजिबात देऊ नका. आणि एकवीरा २१ या नावापुढे हिरवा ठिपका दिसत होता, म्हणजे पोरगी आत्ता, या क्षणी कट्ट्यावर होती.

तेरा दिवस जे तिनं वाचावं म्हणून जीव टांगणीला लागला होता, ते आता बाई पुसू लागल्या. एक उत्तर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. मग त्यांनी निकेतला फोन लावला.

“निकेत, ती मेल परत घे.”

“कुठली, काकू?”

“चेण्याच्या पोरीला टाकलेली. तिनं बघितली नसेल अजून. बघायच्या आत परत घे.”

“गेलेली मेल परत नाही घेता येत, काकू.”

“तू विषयाच्या ओळीत काय लिहिलं होतंस?”

“तुम्ही सांगितलं तेच. वडिलांना शहाळं देऊ नका, जिवाला धोका आहे. आणि खाली तारीख वेळ असतेच.”

बाईंनी फोन ठेवला. आज नाही तर उद्या, कधीतरी, बँकेच्या नाहीतर नोकरीच्या कामासाठी ती पोरगी आपली मेल उघडणार. उघडली की ती ओळ तिथे असणार, वडील असतानाची तारीख घेऊन. आणि तिला अडवायला बाईंकडे ना तिचा नंबर होता, ना पत्ता, ना नाव. समजा असतं, तरी काय म्हणून अडवणार होत्या?

मोबाइलवर पुन्हा काहीतरी आलं. एकवीरा २१ नं आपल्याच विषयाखाली लिहिलं होतं : “मॅडम, चुकीच्या विभागात टाकलं का? उत्तर आलं नाही म्हणून विचारते.”

बाईंनी लिहिलं, “नाही बाळा, बरोबर विभागात आहे.”