आजोबांची दैनंदिनी

आपल्याच माणसाचे लेखन तपासावे लागते, तेव्हा विद्येचा खरा कस लागतो. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात इतिहास शिकणाऱ्या माझ्या नातीने एका छापखान्यातील जुन्या संपावर निबंध लिहिला. संपाच्या वेळी मी तेथे व्यवस्थापक होतो. माझी दैनंदिनी हाच तिचा मुख्य आधार. तिने नोंदवले होते : ‘लेखक मालकांच्या बाजूचा आहे, कामगारांचे म्हणणे येथे नाही.’

“खोड ते,” माझा मुलगा तिच्या कानात कुजबुजला. “आजोबांच्या मनाला लागेल.”

“बाबा, खोडलं तर निबंधच खोटा ठरेल.”

“खोडू नकोस गं,” मी म्हणालो. “माझी चूक पकडली, तीही घरच्याच पोरीनं! आता आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्या काकांना भेट. संपाचे पुढारी तेच होते.”

माझा ऊर भरून आला. तिची लेखणी अशीच निर्भय राहो, आणि काकांना सारे आठवो.