सुईणीची बंदूक

१९४३च्या उन्हाळ्यात आम्ही नालिबोकीच्या जंगलात होतो. जर्मनांनी आमच्या गावातल्या ज्यूंना खड्ड्यापाशी नेऊन मारलं, त्यात माझा नवरा लेझर गेला. मी आणि सासूबाई ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या कुंपणाखालून निसटलो आणि जंगलात लपून जर्मनांशी लढणाऱ्या झेलिकच्या टोळीला जाऊन मिळालो.

झेलिक पूर्वी गावात घोडागाडी हाकायचा. आता तो आमचा म्होरक्या. त्याचा नियम सरळ होता. बंदूक घेऊन येईल तो लढणार, बाकीच्यांनी बटाटे सोलायचे.

"मला जर्मनांच्या गाड्यांचे रूळ उडवायला यायचंय," मी म्हणाले.

"आधी बंदूक आण, ब्रायना. मग बोल."

सासूबाई चुलीपाशी होत्या. "काय रे झेलिक, जन्मल्यावर तुला उलटा धरून रडवलं ते मी. आता माझ्या सुनेपुढे मिशीला पीळ देतोस होय?"

सगळे हसले. झेलिकही हसला, पण नियम काही बदलला नाही.

सासूबाई, द्वोयरा त्यांचं नाव, सुईण होत्या. आसपासच्या खेड्यांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर आलेली. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन मिकिता नावाच्या शेतकऱ्याकडे गेल्या. युद्धाच्या सुरुवातीला माघार घेताना रशियन सैनिक बंदुका टाकून पळाले होते. त्यातल्या काही मिकिताने पुरून ठेवल्याची कुणकुण त्यांना होती.

"आजी, जर्मन मला घरासकट जाळतील!" तो गयावया करू लागला.

"तुझी लेक ओल्या पायाळू होती, मिकिता. गुडघाभर बर्फातून आले होते मी. तेव्हा म्हणाले का, की मला थंडी वाजते?"

मिकिताने बायकोकडे पाहिलं. ती बिचारी केव्हाच फावडं आणायला गेली होती.

दोन बंदुका निघाल्या. त्या मिकिताच्या घोडागाडीत गवताखाली घातल्या आणि वर मला झोपवलं, पोटाला उशी बांधून. कुणी ओळखू नये म्हणून सासूबाईंनी दातदुखी झाल्यासारखा रुमाल तोंडाभोवती गुंडाळला आणि लगाम हातात घेतले. इथल्या बायकांशी जन्मभर बोलून त्यांची बोली अस्सल झाली होती. माझी नव्हती; तोंड उघडलं की मी ज्यू हे कळलं असतं. "तू एक शब्द काढायचा नाहीस," त्यांनी बजावलं. "नुसतं ओरडायचं."

पुलावर जर्मनांच्या चाकरीतल्या पोलिसाने गाडी अडवली. त्याने संगिनीचं टोक गवतावर टेकवलं आणि मी ओरडले.

सुरुवातीला ते सोंग होतं. मग काय झालं कोण जाणे. लेझर गेल्यापासून मी रडले नव्हते, तो सगळा आवाज एकदम वर आला. लेझरचं ज्यू नाव तेवढं ओठ चावून आत धरलं. ओठातून रक्त आलं.

पोलीस पांढराफटक पडला.

"बघतोस काय?" सासूबाई त्याच्यावर खेकसल्या. "मूल आडवं आहे. ठेव ती बंदूक आणि धर हिचे पाय!"

"जा, जा, लवकर जा!" म्हणत तो बाजूला झाला.

रान लागलं तरी मला थांबता येईना. सासूबाई गवतावर चढल्या आणि मला पोटाशी धरून बसल्या. "ओरड गं," त्या म्हणाल्या. "आता खुशाल नाव घे त्याचं."

आम्ही पोचलो तेव्हा झेलिकने बंदुका घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो झटकला.

"एक सूनबाईची, एक माझी. बटाटे सोलायला तुझी माणसं बसव."

त्याने टोपी काढली आणि वाट दिली.

त्या शरद ऋतूत मी रुळांखाली सुरुंग लावले. दारूगोळा भरलेली मालगाडी उलटताना डोळ्यांनी पाहिली. सासूबाई तळावर पहारा द्यायच्या, आणि कुणाला कळा लागल्या की बंदूक झाडाला टेकवून तिचं बाळंतपण करायला बसायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात जर्मन पळाले आणि आम्ही रांगेने गावात शिरलो. खिडक्यांतून लोक भुतं पाहावीत तसे बघत होते. आमच्या घराच्या दारात कुणी परकी बाई कपडे वाळत घालत होती. माझी पावलं आपोआप भरभर पडू लागली.

"सावकाश चाल, ब्रायना," सासूबाई म्हणाल्या. "मान वर कर. सगळ्यांना आपल्याला नीट बघू दे."